नऊ वाजताचं शून्य

माझी मुलगी पाणी शुद्ध करते, असं मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर माझ्याकडे बघत राहतो आणि मग विचारतो, "म्हणजे फिल्टर विकते का?"

विकत नाही. गावाबाहेर नदीकाठी जलशुद्धीकरण केंद्र आहे, तिथे ती शिकाऊ ऑपरेटर आहे. नदीचं पाणी आत येतं, त्यात तुरटी पडते, गाळ खाली बसतो, वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळलं जातं, शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात आणि मग ते नळातून आपल्याकडे येतं. या वाटेवर दर तासाला पाण्याला थांबवून 'बरं आहेस ना' असं विचारायचं आणि त्याने दिलेलं उत्तर तक्त्यात लिहायचं, ही तिची नोकरी.

लहानपणापासून तिला मोजायचं वेड. आमटीत मीठ किती, पायऱ्या किती, पंखा बंद केल्यावर किती फेऱ्या मारून थांबतो. तिचे बाबा तिला मापटं म्हणायचे, अजून म्हणतात. रसायनशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली, दोन वर्षं ठिकठिकाणी अर्ज केले, आणि एके दिवशी या नोकरीचं पत्र घेऊन आली. सहा महिने चाचणीचे, नंतर कायम.

मी म्हटलं, लांब आहे. म्हटलं, पाळ्या आहेत, झोपेचं खोबरं होईल. म्हटलं, उघड्या टाक्या असतात, कठडे आहेत का?

"कठडे आहेत, शिड्या आहेत, बुडणाऱ्याला फेकायची रिंग आहे," ती म्हणाली. "फक्त तू नाहीस. तुला पण ठेवून घेतील, विचारू का?"

तिचे बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू इथे पाणी उकळतेस, ती तिकडे बसून तेच करेल. घराण्याचा धंदा आहे."

मी उकळते हे खरं आहे. बेचाळीस वर्षं उकळतेय. खळखळून उकळी आल्यावर वीस मिनिटं, घड्याळ लावून, वर ताट झाकून. पोरीने मला कितीदा तरी समजावलं की एक मिनिट पुरतं, पुढचा सगळा गॅस फुकट. मला ते समजतं. मीही कॉलेजात शिकलेली बाई आहे. पण समजणं आणि गॅसचं बटण फिरवणं यांत अंतर असतं.

ती नोकरी मला नको होती, त्याचं खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगून झालंय, म्हणून लिहिते.

मी नऊ वर्षांची होते आणि माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा. गावात पाण्याची साथ आली होती. लाउडस्पीकर लावलेली गाडी फिरून गेली की पाणी उकळून प्या. आई मोठं पातेलं उकळून, झाकून ओट्यावर ठेवायची. त्या दुपारी ती बाजारात गेली होती आणि पातेलं नुकतंच उतरवलेलं होतं. धाकटा माझ्या मागे लागला, पाणी दे. मी दिलं तर म्हणाला, हे गरम आहे, थंड दे. मी फुंकर मारली. तो पुन्हा म्हणाला, थंड. त्याचा तो आवाज, नाकातून काढलेला, 'थंऽऽड'. माझं गोष्टीचं पुस्तक रंगात आलेलं होतं. मी उठले, नळाखाली पेला धरला, त्याच्या हातात दिला आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

तो चौथ्या दिवशी गेला.

मला कुणी काही विचारलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीला कोण काय विचारणार? पण आई पुढे तीस वर्षं जगली आणि मधूनच, भाजी निवडता निवडता, कपडे वाळत घालता घालता म्हणायची, "मी तर उकळूनच देत होते गं. मग कुठून?" दर वेळी ती माझ्याकडे बघून विचारायची, कारण खोलीत दुसरं कुणी नसायचं. मी म्हणायचे, "शाळेत प्यायला असेल." तो शाळेत जातच नव्हता. तिला हे ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. ती मान हलवायची आणि पुन्हा भाजीला लागायची. शेवटच्या आजारपणातही तिने विचारलं. मी शाळाच सांगितली.

तर असं घर आणि असा नळ माझ्या डोक्यात, आणि माझी मुलगी निघाली अख्ख्या गावाच्या नळांवर बसायला.

पहिल्या आठवड्यात मी तिला अकरा वेळा फोन केला. बाराव्या वेळी तिने कायदाच केला. "आई, शिफ्टवर फोन करायचा नाही. घराला आग लागली तरच. आणि आग लागली तर आधी बंबाला कर, मग मला." फोन बंद झाला तशी मी डबा विसरल्याचं निमित्त काढून एकदा तिकडे जाऊन आले. डबा मीच बाजूला काढून ठेवला होता. तिला ते कळलं असणार.

तपासणीची खोली लहान आहे. पांढऱ्या फरशीचा ओटा, त्यावर काचेच्या नळ्या उलट्या घालून ठेवलेल्या, एक फुटका आरसा, भिंतीवर घड्याळ. खिडकीतून वाळूच्या टाक्या दिसतात. पाणी त्यांत इतकं स्तब्ध असतं की ते पुढे सरकतंय यावर विश्वास बसत नाही. खाली मात्र मोठ्या पाइपांचा आवाज सतत पायाला लागतो. आपण कुणाच्या तरी छातीवर उभे आहोत असं वाटतं. मी तिथे दहा मिनिटं होते. तेवढ्यात दोनदा मला मागून कुणीतरी 'थंड' म्हटल्यासारखं वाटलं. पंपाची झडप होती ती.

तिला शिकवणारे ऑपरेटर तिथेच भेटले. सगळे त्यांना बाटलीकाका म्हणतात, कारण अख्ख्या गावाचं पाणी बनवणारा हा माणूस स्वतः प्यायचं पाणी घरून बाटलीत आणतो. मी न राहवून विचारलं तर म्हणाले, "घरी पण हेच येतं हो वहिनी. पण तिथे ते बायकोने भरलेलं असतं. कामावरचं पाणी प्यायलं की कामावर आहोत असं वाटतं." मग त्यांनी मला तपासणी करून दाखवली. नळीत पाणी घ्यायचं, एक पांढरी गोळी टाकायची, हलवायचं. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं क्लोरीन तितका गडद. तो गुलाबी रंग तबकडीवरच्या रंगांशी जुळवायचा आणि आकडा लिहायचा. अर्ध्याच्या आसपास आला की ठीक. "आणि गुलाबी झालंच नाही तर?" मी विचारलं. "तर क्लोरीन नाही. डोस वाढवायचा. यात काय, पोरखेळ आहे," ते म्हणाले. हे वाक्य मी पुढे पुष्कळ वेळा आठवलं.

तिच्या कपड्यांना क्लोरीनचा वास यायला लागला. ओढणी, केस, बॅगेचा पट्टासुद्धा. मी म्हटलं, "अगं, पोहण्याच्या तलावातून आल्यासारखी येतेस." ती ओढणी नाकाला लावून म्हणाली, "कुठे येतोय?" दुसऱ्या महिन्यातच तिचं नाक त्या वासाला सरावलं होतं. बाटलीकाकांचं तर कधीच गेलं होतं. तिथे काम करणाऱ्या कुणालाच तो येत नाही. तो येतो फक्त त्यांचे कपडे धुणाऱ्यांना.

सहावा महिना चालू होता. ती सात वाजता कामावर गेली. साडेआठच्या सुमारास क्लोरीनच्या द्रावणाची जुनी टाकी संपली आणि रात्रपाळीने भरून ठेवलेली नवी टाकी सुरू झाली. नव्या पिंपांतलं द्रावण नेहमीपेक्षा कितीतरी तेज होतं आणि त्यात पाणी मिसळायचं राहून गेलं होतं. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. बाटलीकाका तिला म्हणाले, "आलोच, दाढी करून येतो," आणि फाटकासमोरच्या केशकर्तनालयात जाऊन रांगेत बसले. मोबाइल त्यांनी ओट्यावरच ठेवला होता.

नऊला तिने नळीत पाणी घेतलं, गोळी टाकली, हलवली. रंग आला नाही. ती मला नंतर म्हणाली, "आला होता आई. डोळ्यांदेखत आला आणि गेला. मला वाटलं, भास झाला." तिने शून्य लिहिलं आणि डोस वाढवला. साडेनऊला पुन्हा पाहिलं. पुन्हा शून्य. तिला वाटलं, गावाला बिनक्लोरीनचं पाणी चाललंय, नदी सध्या गढूळ आहे, लोक आजारी पडतील. तिने डोस आणखी वाढवला, सगळ्यात वरच्या खुणेपर्यंत.

आमची वस्ती केंद्राच्या सगळ्यात जवळची. तिथून सुटलेलं पाणी आमच्याकडे तासाभरात येतं. पावणेदहाला पातेलं भरायला मी नळ सोडला आणि मागे सरकले. मुलीची ओढणी नळातून बाहेर आल्यासारखा वास होता, पण शंभर ओढण्यांचा. डोळे चुरचुरले.

मी फोन उचलला आणि ठेवला. आग लागली तरच, असं तिने बजावलं होतं. ती म्हणेल, आई, झालं तुझं सुरू. बाटलीकाका हसतील. कदाचित नळच साफ करत असतील. मी ओट्यापाशी उभी राहिले, घड्याळाकडे बघत. वीस मिनिटं. आयुष्यभर पाणी उकळायला मी जेवढा वेळ देत आले, तेवढाच वेळ त्या दिवशी फोन न करण्यात घालवला. मग समोरच्या इमारतीतून एक बाई पोर कडेवर घेऊन धावत खाली आली. पोर उलट्या करत होतं. चार वर्षांचं असेल. मी फोन लावला.

"आई, मी आत्ता बोलू शकत नाही," ती म्हणाली. "इथे क्लोरीन शून्य येतंय."

"शून्य? अगं, इथे नळाजवळ उभं राहवत नाही. डोळ्यांतून पाणी येतंय."

"शक्य नाही. मी दोनदा पाहिलं."

"तू पाहिलंस, पण मी वास घेतेय ना."

मागे पंपाचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "आई, ठेव."

त्याच वेळी बाटलीकाका परत आले होते, अर्ध्या गालावर साबण तसाच. दुकानात फवाऱ्याचं पाणी तोंडावर मारल्यावर डोळे झोंबले म्हणून ते खुर्चीतून उठले होते. त्यांनी तिच्या हातातली नळी घेतली, एक भाग नमुन्याचं पाणी आणि नऊ भाग बाटलीतलं पाणी घातलं. घरून आणलेलं, बायकोने भरलेलं. गोळी टाकली. नळी जांभळ्या शाईसारखी झाली.

"रंग आला नाही म्हणजे नेहमी नसतंच असं नाही," ते म्हणाले. "कधीकधी इतकं असतं की रंगच जळून जातो. हे तुला सांगायचं राहिलं माझ्याकडून."

पुढचं त्यांनी भराभर केलं. डोस बंद, गावाकडची झडप बंद, टाकी रिकामी, गाडी फिरवून वस्तीत निरोप. मी मात्र दवाखान्याच्या जिन्यावर जाऊन बसले होते. ते पोर माझं कुणी नव्हतं. तरी दोन तास मी तिथून हलले नाही. दर वेळी आतलं दार वाजलं की मी नऊ वर्षांची होत होते. साडेबाराला ते आईचं बोट धरून बाहेर आलं, हातात बिस्किट, आणि मला बघून म्हणालं, "आजी, तू पण ओकलीस?" मी हो म्हटलं.

मेले ते फक्त केशकर्तनालयातले दोन मासे. दुकानदाराने त्याच सकाळी काचपेटीतलं पाणी बदललं होतं.

संध्याकाळी मापटं घरी आलं आणि बॅगेतून दोन कागद काढून तिने जेवणाच्या टेबलावर ठेवले. एक त्या दिवसाचा तक्ता, तिच्या अक्षरातला. नऊच्या रकान्यात शून्य, पुढे 'डोस वाढवला'. साडेनऊला शून्य, 'डोस वाढवला'. दुसरा कोरा.

"सकाळी केमिस्टबाई तक्ता तपासायला घेऊन जातात," ती म्हणाली. "काका म्हणतात, नवीन पान लिही. नऊला अर्धा लिही, साडेनऊला अर्धा लिही. दहाला पंप बिघडला असं ते स्वतः लिहितील. त्यांची दोन वर्षं राहिलीत, त्यांना कुणी काही करणार नाही. माझे सहा महिने पुरे व्हायला तीन आठवडे आहेत."

"आणि दाढी?" तिच्या बाबांनी विचारलं.

"ती पण जाते मग. कुणी कुठे गेलंच नव्हतं."

मी म्हटलं, "काका म्हणतात तसं कर." विचार न करता म्हटलं. तोंडातून असं आलं, जसं 'शाळेत प्यायला असेल' यायचं.

"आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचा रंग असा जळला तर? त्याला कसं कळणार?"

"प्रत्येकाच्या घरी तुझ्या आईसारखं नाक नसतं, हे खरं," तिचे बाबा म्हणाले आणि ताटं उचलून आत गेले. आम्हा दोघींना त्यांनी मुद्दाम एकटं सोडलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ती कोऱ्या कागदाकडे बघत होती. पेन उघडलेलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते होतं जे मी रोज सकाळी आरशात बघते, आणि ते तिथे अजून नवं होतं, एका दिवसाचं. मला दिसलं की ती अर्धा लिहील, कायम होईल, चांगली ऑपरेटर होईल, आणि चाळीस वर्षांनी भाजी निवडताना कुणीतरी तिला काहीतरी विचारेल.

मी तिला धाकट्याचं सांगितलं. पुस्तक, पेला, थंड. आजीचं विचारणं. शाळा. सांगताना माझा आवाज अगदी सपाट होता. मला वाटलं होतं रडू फुटेल, भिंती हलतील. काही झालं नाही. फक्त आत नळ ठिबकत होता तो मला पहिल्यांदाच नुसता नळ वाटला.

मला वाटलं, ती माझा हात धरेल किंवा म्हणेल की तू लहान होतीस. तसं ती काहीच म्हणाली नाही. कपाळाला आठी घालून, हिशेब जुळत नसल्यासारखं तिने विचारलं,

"त्या दिवशी ड्युटीवर कोण होतं?"

"कुठे?"

"पाण्यावर, आई. साथ होती, गाडी फिरून गेली होती, म्हणजे त्यांना माहीत होतं. मग नळाला तसलं पाणी आलं कसं? तक्ता कुणाच्या हातात होता?"

बेचाळीस वर्षं माझ्या डोक्यातल्या त्या दुपारीत तीनच गोष्टी होत्या. मी, धाकटा आणि नळ. नळाच्या मागे भिंत होती. भिंतीच्या मागे कधी काही नव्हतं.

तिने कोरा कागद ओढला आणि त्यावर नवा तक्ता न लिहिता अहवाल लिहायला घेतला. नऊला काय दिसलं, साडेनऊला काय दिसलं, आपण काय समजलो, काय केलं, आपल्याला काय माहीत नव्हतं. काका किती वाजता गेले आणि किती वाजता आले हेही लिहिलं. तिथे तिचा हात थांबला. "हे गाळू का?" तिने विचारलं. पण तिने गाळलं नाही.

चाचणीचा काळ सहा महिन्यांनी वाढला. काकांना लेखी समज मिळाली, नोकरीतली पहिलीच. रात्रपाळीलाही मिळाली. काका तीन आठवडे तिच्याशी कामापुरतंच बोलले. एकदा फक्त म्हणाले, "तू खरं लिहिलंस. पण त्यात माझंही लिहिलंस." ती म्हणाली, "हो काका." आता बोलतात. पूर्वीसारखं नाही, पण बोलतात. दाढी घरीच करून येतात. ओट्यावर आता पाण्याची एक बाटली कायम भरलेली असते, नमुना पातळ करायला, आणि ती भरायचं काम शिकाऊ ऑपरेटरचं.

उद्या तिची सकाळची पाळी आहे, ती केव्हाच झोपली. मी जागी आहे. माझ्या मापट्याने माझं ओझं हलकं केलं असं मी म्हणणार नाही. पेला अजूनही माझ्याच हातात आहे, तो मीच भरला होता. पण आता भिंतीच्या मागे एक माणूस दिसतो. लहानशी खोली, काचेच्या नळ्या, समोर तक्ता. त्याला शून्य दिसलं असेल का, की तो दाढी करायला गेला होता, की गोळ्याच संपल्या होत्या, मला माहीत नाही. तो संध्याकाळी घरी गेला असेल. साथीत गेलेल्या पोरांचे आकडे त्याच्याही कानावर आले असतील. त्याने टेबलावर दोन कागद ठेवले असतील आणि आईला विचारलं असेल, काय करू?

तिने त्याला काय सांगितलं असेल, याचाच विचार करतेय. मला वाटतं, तीही घाबरट असणार. मला वाटतं, ती म्हणाली असेल, राहू दे बाळा, नवीन पान लिही.